२१ पुतळ्यांची माळ आणि पणजीचे माहेर

आमच्या घरात एक वंशावळ आहे. शेताच्या वाटणीच्या वेळी तलाठ्यापुढे ठेवण्यासाठी चुलत आजोबांनी ती फुलस्केप कागदावर आखून घेतली होती. वरून खाली फुटत गेलेल्या फांद्या, सात पिढ्या आणि ४३ नावे. त्या ४३ नावांत एकाही बाईचे नाव नाही. ज्याला मूलच झाले नाही त्याच्या नावाखाली ‘निर्वंश’ असे लिहिले आहे, आणि ज्याला तीन मुली झाल्या हे घरात सर्वांना ठाऊक आहे, त्याच्याही नावाखाली तोच शब्द आहे. लहानपणापासून हा कागद मी अनेकदा पाहिला होता, पण वडिलांना मी पहिल्यांदा जेव्हा विचारले की त्यांची आजी, म्हणजे माझी पणजी, कोणत्या घरची लेक होती, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग एवढेच म्हणाले, “औशाकडची होती.” त्या एका शब्दापासून मी शोध सुरू केला, आणि त्यात मला तीन वर्षे गेली.

आमचे गाव अहमदपूर तालुक्यातले. गावाचे आणि माणसांचे नाव मी या लेखात देणार नाही, कारण ज्या दोन घरांविषयी मी लिहितो आहे ती दोन्ही घरे आजही नांदती आहेत आणि त्यांच्या सर्वांची परवानगी मी घेतलेली नाही.

२०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांत जुन्या दप्तरांचे रुमाल सोडले गेले, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना शोधून बोलावले जाऊ लागले आणि गावोगाव लोक आपापल्या पेट्या उघडू लागले. आमच्याकडेही आजोबांची पत्र्याची पेटी खाली उतरली. घरातल्या तरुण मुलांना कुणबी नोंद हवी होती. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेचा प्रवेश निर्गम उतारा यांच्या नकला ती गोळा करत होती. त्या कामाचे मोल मी जाणतो. पण ते करताना एक गोष्ट मला फार जाणवली. जमिनीच्या कागदात बाप सापडतो, आजा सापडतो, खापरपणजोबाही सापडतो. आई सापडत नाही. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या असोत किंवा सुगीच्या दिवसांत बैल घेऊन येणारे, वंशावळ सांगणारे हेळवी असोत, त्यांनी सांगितलेली परंपराही बहुतकरून बापाकडून मुलाकडेच जाते. बाईचा माग काढायचा असेल तर दोनच ठिकाणी पाहावे लागते, तिच्या लग्नाच्या कागदात आणि कोणाच्या तरी मृत्युपत्रात.

लग्नाचा कागद म्हणजे आज आपण ज्याला विवाह नोंदणी म्हणतो तो नव्हे. आमच्या आजी-पणजीच्या काळात हिंदूंचे लग्न कोणत्याही कचेरीत नोंदले जात नसे. जो कागद होता तो घरात होता. सोयरीक ठरताना लिहिलेली देण्याघेण्याची याद, कुंकवाचे बोट लावलेली हाताने लिहिलेली लग्नपत्रिका, आणि सर्वांत मोलाची म्हणजे आहेराची वही. कोणी काय आणले आणि आपण कोणाला काय दिले हे पुढच्या लग्नात फेडायचे असते म्हणून ही वही कसोशीने लिहिली जाई आणि पिढ्यान्‌पिढ्या जपली जाई. लग्न झाले की मुलीचे नाव बदलते. नवरा ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहितो आणि जुने नाव त्या दिवसापासून हाक मारण्यापुरतेसुद्धा सासरी उरत नाही. ते जुने नाव कागदावर राहते ते तिच्या बापाच्या घरच्या वहीत. म्हणूनच सासरच्या कागदांत एक बाई आणि माहेरच्या कागदांत दुसरी बाई दिसते, आणि त्या दोघी एकच आहेत हे सिद्ध करण्यात सगळा शोध असतो.

या बाबतीत आमच्या शेजारच्या मुसलमान कुटुंबाचे काम माझ्याहून सोपे झाले. त्यांच्या तालुक्याच्या काझींकडे निकाहाचा सियाहा, म्हणजे नोंदवही, जपलेला होता आणि त्यात नवरीचे नाव, तिच्या बापाचे नाव, मेहरची रक्कम, वकील आणि साक्षीदार असे सगळे एका ठिकाणी लिहिलेले होते. शिवाय निकाहानंतर तिचे नाव बदललेले नव्हते. एका दुपारी त्यांना चार पिढ्यांच्या आया सापडल्या. मी त्यांच्याबरोबर बसून ती पाने पाहिली, आणि आपल्याकडेही असा रिवाज असता तर किती बरे झाले असते असे मला मनापासून वाटले.

मृत्युपत्राची गोष्ट वेगळी आहे. एकत्र कुटुंबातल्या पुरुषाला आपल्या अविभक्त हिश्श्याचे मृत्युपत्र करण्याचा अधिकार मिताक्षरेप्रमाणे, म्हणजे जुन्या हिंदू कायद्याप्रमाणे, नव्हता. तो १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० ने मिळाला. त्यामुळे त्याआधीची मृत्युपत्रे शेतकरी घरांत विरळ आहेत. जी आहेत ती पुत्र नसलेल्या माणसांची, दत्तक घेऊ पाहणाऱ्यांची, स्वकष्टार्जित पैसा असलेल्या व्यापाऱ्यांची, आणि स्त्रीधन असलेल्या बायकांची. शेवटचा प्रकार माझ्या ध्यानात बराच उशिरा आला. नवऱ्याकडून आलेल्या जमिनीवर विधवेचा हक्क तिच्या हयातीपुरता असे, पण बापाने आणि भावाने अंगावर घातलेला दागिना तिचा स्वतःचा होता आणि तो कोणाला द्यावा हे ती सांगू शकत होती. आणि दागिना कोणाला द्यायचा हे सांगताना तो कोणाकडून आला हेही बाई सांगतेच.

आजोबांच्या पेटीत ‘शेताचे कागद’ म्हणून बांधून ठेवलेले एक पुडके होते. ८० वर्षांत ते कोणी वाचले नव्हते, कारण घरात मोडी येणारे शेवटचे माणूस आजोबाच होते. मी दहा दिवसांच्या एका मोडी वर्गात जाऊन अक्षरे शिकलो, पण वर्गातली छापील मोडी आणि गावच्या कुलकर्ण्यांनी बोरूने लिहिलेली मोडी यांत फार अंतर असते. आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतलेली, तिच्याखाली शब्द न तोडता लिहिलेली अक्षरे, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि परगण्यागणिक बदलणारी वळणे. पहिले पान लागायला मला जवळजवळ दोन महिने लागले. पुड्यातले बहुतेक कागद खरोखरच शेताचे होते, सारा भरल्याच्या पावत्या, एक कर्जरोखा, बांधाच्या तंट्याची एक याद. त्यांच्या तळाशी निजामी मुद्रांकाचा एक कागद होता. पहिल्या ओळीत मला ‘कोम’ हा शब्द लागला आणि मी जागच्या जागी थांबलो. ‘वल्द’ किंवा ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. लिहून देणारी बाई होती. पुढचा शब्द पणजोबांचे नाव होते.

तो माझ्या पणजीचा वसीयतनामा, म्हणजे मृत्युपत्र, होता.

मजकूर मोडीत होता आणि पाठीमागे नोंदणीचा शेरा उर्दूत. उर्दू शेरा मी एका निवृत्त शिक्षकांकडून वाचून घेतला. त्यात तिचा उल्लेख ‘बेवा’, म्हणजे विधवा, असा होता आणि वय अंदाजे ५० लिहिले होते. मिती होती फसली १३४९, माहे खुर्दाद. हैदराबाद संस्थानात हे फसली, म्हणजे महसुली, वर्ष आजूर महिन्याने, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला, चालू होई. म्हणून आजूरपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेत ५९० मिळवायचे आणि जानेवारीनंतरच्या तारखेत ५९१. खुर्दाद हा सातवा महिना, त्यामुळे तो एप्रिल १९४० ठरतो. ज्यांना असे कागद हाताळायचे आहेत त्यांना हा हिशेब पक्का ठेवण्याची मी कळकळीने विनंती करीन, कारण सरसकट एकच आकडा मिळवल्याने पुष्कळ तारखा एका वर्षाने चुकतात आणि मग मृत्यूनंतर सही केलेली माणसे कागदात दिसू लागतात.

खाली तिची निशाणी होती. कुलकर्ण्यांनी ‘निशाणी बांगडीची’ असे लिहिले होते आणि त्या शब्दांच्या मधोमध शाईने काढलेले एक गोल होते, पूर्ण न जुळलेले, जिथे सुरुवात आणि शेवट एकमेकांना किंचित चुकून गेले होते. कुलकर्ण्यांची बाकी अक्षरे इतकी स्थिर आहेत की ते गोल त्यांनी काढलेले नाही, याविषयी माझ्या मनात शंका नाही. बोरू तिच्या हातात दिला गेला होता. तिच्या हाताचे जगात उरलेले एवढेच आहे.

मजकुरात शेताचा उल्लेखही नव्हता. सगळा कागद दागिन्यांचा होता. “माळ पुतळ्यांची, बापाने लग्नात घातली, पुतळ्या २१, पैकी ५ थोरलीचे बाळंतपणात मोडल्या, बाकी १६, त्या धाकटे सुनेस.” धाकटी सून म्हणजे माझी आजी. पुढे गोठ, सरी आणि कानांतल्या बुगड्या यांच्या वाटण्या होत्या. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत, “वाकी रुप्याची एक, भावाचे नातीस,” आणि त्यापुढे एका गावाचे नाव, तालुके औसे.

वडिलांना मी ते वाचून दाखवले. माळेचे ऐकताच ते उठून देवघरात गेले आणि एक डबी घेऊन आले. १९७२ च्या दुष्काळात आजीने माळ मोडली होती, हे त्यांना आठवत होते. पण एक पुतळी तिने मागे ठेवली होती. मी ती तळहातावर घेतली. सोन्याची पातळ चकती, ठशातल्या मूर्तीचे नाक-डोळे झिजून गेलेले, वरच्या कडीला आतून तारेची झीज. ही पुतळी आजीची एवढेच घरात ठाऊक होते. त्याआधी ती पणजीच्या गळ्यात होती आणि तिला तिच्या बापाने घातली होती, हे १९४० नंतर पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने उच्चारले.

आता गाव मिळाले होते, पण बापाचे नाव नव्हते. मी आधी सरकारी कागद शोधू लागलो आणि तिथे माझे पाच-सहा महिने वाया गेले. एका कचेरीत मला सांगण्यात आले की १९५० च्या आधीचे अहमदपूरचे काहीही या जिल्ह्यात नाही; हे उत्तर चुकीचे नव्हते, पण मग कुठे आहे हे कोणी सांगितले नाही. ते मी मागाहून नकाशे पाहून समजून घेतले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते, आणि औसा उस्मानाबादेत. लातूर जिल्हा झाला ऑगस्ट १९८२ मध्ये. म्हणजे ज्या दोन घरांची आज एकाच जिल्ह्यात सोयरीक दिसते, ती तेव्हा दोन वेगळ्या जिल्ह्यांतली होती, आणि त्यांपैकी एका जिल्ह्याचे ठाणे आज कर्नाटकात आहे. जालन्याच्या बहुतेक भागातल्या माणसाने १ मे १९८१ च्या आधीचे कागद औरंगाबादच्या नावाने शोधावेत आणि हिंगोलीच्या माणसाने १ मे १९९९ च्या आधीचे परभणीच्या नावाने. हे कोणी सुरुवातीलाच सांगितले तर किती हेलपाटे वाचतील. आणखी एक गोष्ट. नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्युपत्रे दुय्यम निबंधकाच्या तीन नंबरच्या पुस्तकात असतात. करणारा हयात असेपर्यंत त्यांची नक्कल दुसऱ्या कोणाला मिळत नाही, पण त्याच्या मृत्यूनंतर कोणीही अर्ज करून मागू शकतो. मात्र मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे तिथे सापडले नाही म्हणून ते झालेच नाही असे समजू नये.

शेवटी मी कागद सोडला आणि गाडी काढून औसा तालुक्यातल्या त्या गावी गेलो. वडील बरोबर होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात गावातले दगडमातीचे जुने वाडे पडले होते, आणि आता सगळी घरे नव्या वस्तीत होती. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यांना वडिलांनी आमच्या गावाचे नाव सांगितले. त्यांनी वडिलांकडे नीट पाहिले आणि म्हणाले, “म्हंजी आमच्या आत्याआजीच्या घरचे का तुम्ही?” ते पणजीच्या भावाचे नातू होते. वय ८७. त्यांनी आपल्या आजोबांच्या तोंडून बहिणीच्या गावाचे नाव ऐकले होते आणि आठ दशके ते लक्षात ठेवले होते. वडिलांना त्यांनी हाताला धरून घरात नेले, सुनेला हाक मारून पाटावर बसवायला सांगितले आणि म्हणाले, “भाचे आलेत, भाचे.” वडील ८० वर्षांचे आहेत. या वयात कोणी आपल्याला भाचा म्हणेल असे त्यांना वाटले नव्हते. त्यांना काही बोलता येईना.

भूकंपानंतर ढिगाऱ्यातून काढलेल्या एका पेटीत त्यांच्या घरच्या वह्या होत्या. लांबट बांधणीची, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची एक वही त्यांच्या नातवाने माझ्यापुढे ठेवली. तिच्या एका कोपऱ्याला अजून माती लागलेली होती. चाळीसएक पाने उलटल्यावर मला हवे होते ते पान आले. “शके १८२४ शुभकृत नाम संवत्सरे, वैशाख मास,” आणि त्याखाली मुलीचे लग्न, मुलीचे नाव, आमच्या गावाचे नाव, नवऱ्या मुलाचे नाव, म्हणजे माझ्या पणजोबांचे. शकात ७८ मिळवले की १९०२. पुष्कळ वह्यांत शक पुसट असतो आणि नुसते संवत्सर वाचता येते, तेव्हा मात्र जपावे लागते, कारण ते दर साठ वर्षांनी फिरून येते. शुभकृत १९०२ चे असते तसे १९६२ चेही असते.

पण वहीतल्या मुलीचे नाव एका नदीचे होते आणि वसीयतनाम्यातल्या बाईचे नाव एका देवीचे. पणजोबांचे दुसरे लग्न झाले असण्याची शक्यता मला वगळता येत नव्हती. त्या काळी पहिली बायको बाळंतपणात दगावणे ही नित्याची गोष्ट होती. मी आणखी खाली वाचत गेलो. ‘मुलीचे अंगावर’ या शीर्षकाखाली पहिलीच नोंद होती, “माळ पुतळ्यांची १, पुतळ्या २१.” आणि चौथी नोंद, “वाक्या रुप्याच्या २.”

मी वसीयतनाम्याची छायाप्रत पिशवीतून काढून त्या पानाशेजारी ठेवली. ३८ वर्षांच्या अंतराने, दोन जिल्ह्यांतल्या दोन कारकुनांनी, दोन वळणांच्या मोडीत लिहिलेला तोच आकडा.

ती वही मी दोन दिवस त्यांच्या ओसरीवर बसून वाचली. छप्पनचा, म्हणजे विक्रम संवत १९५६ मधला (१८९९-१९००), दुष्काळ सरून दोनच वर्षे झाली होती, आणि आहेराच्या रकमा चार आणे, आठ आणे अशा आहेत. काहींनी नुसता खण आणला आहे. बहुतेक रकमांपुढे ‘हाली’ असे लिहिले आहे, म्हणजे निजामी शिक्का. चार पाव्हण्यांच्या रकमा मात्र ‘कलदार’ आहेत, म्हणजे ती माणसे इंग्रजी मुलखातून आली होती, आणि त्यांच्या नावांपुढे बार्शी लिहिलेले आहे. बार्शी लाइट रेल्वे लातूरला आली १९११ मध्ये; वैशाखाच्या उन्हात ती माणसे बैलगाडीनेच आली असणार. त्यांपैकी एका नावापुढे ‘मुलीचा मामा’ असे आहे. म्हणजे पणजीची आई बार्शीकडची. एका आहेराच्या नोंदीने मला आणखी एक पिढी मागे नेले, आणि तेही आईच्या बाजूने.

सुताराला, लोहाराला, न्हाव्याला, परटाला, गुरवाला काय मान दिला तेही त्या पानांवर नावानिशी आहे. त्यांच्या पतवंडांना हे पान दाखवायला हवे, असे मी त्या घरच्या लोकांना सांगितले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे.

रुप्याची वाकी जिला मिळायची होती ती भावाची नात, त्या वृद्ध गृहस्थांची थोरली बहीण, दहा वर्षांपूर्वी वारली. वाकी तिला मिळाली की नाही हे कोणाला आठवत नाही. दुसरी वाकी वसीयतनाम्यात कुठेच नाही. ती १९४० च्या आधीच घरातून गेली होती, आणि ती थोरलीच्या हातावर गेली असेल असे मला वाटते. पण हा माझा अंदाज आहे आणि मी तो अंदाज म्हणूनच लिहितो.

‘थोरली’ आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती. पणजोबांना दोन मुलगे, एवढेच वंशावळीत आहे. वडिलांनीही तिच्याविषयी कधी ऐकले नव्हते. तिच्या बाळंतपणासाठी तिच्या आईने आपल्या माळेतल्या पाच पुतळ्या मोडल्या आणि सोळा वर्षांनी म्हणा, वीस वर्षांनी म्हणा, मृत्युपत्र करताना त्या पाच पुतळ्यांचा हिशेब आठवणीने दिला. तिच्या वाट्याला काही ठेवलेले नाही, त्यावरून ती तोवर हयात नसावी.

तिचे नाव मला त्याच लाल वहीत सापडले. वहीच्या मागच्या बाजूने, उलट्या अंगाने, त्या घराने दुसऱ्यांना दिलेले आहेर लिहिलेले आहेत. शके १८४३ मध्ये, म्हणजे १९२१-२२ च्या सुमारास, मामाचा आहेर म्हणून भाचीच्या लग्नाला लुगडे एक, खण दोन आणि हाली पाच रुपये दिल्याची नोंद आहे. भाचीचे नाव आहे, आमच्या गावाचे नाव आहे, आणि नवरदेवाच्या गावाचे नाव आहे. ते गाव उदगीर तालुक्यात आहे.

चुलत आजोबांच्या वंशावळीत मी पेन्सिलीने दोन गोष्टी केल्या आहेत. पणजोबांच्या नावाशेजारी पणजीची दोन्ही नावे लिहिली, आधी नदीचे आणि मग देवीचे. त्या दोघांच्या खाली, दोन मुलग्यांच्या डावीकडे, एक फांदी काढून थोरलीचे माहेरचे नाव लिहिले. तिच्या सासरच्या नावासाठी कंस काढून जागा मोकळी ठेवली आहे. ज्वारीची काढणी झाली की वडिलांना घेऊन उदगीरकडे जाणार आहे. तिथल्या घरी आहेराची वही असेल तर ती बहुधा मोडीतच असेल, आणि आता मला ती वाचता येते.